पहिला कॉलम लावताना: फ्लो हायड्रोजनेशन शिकणाऱ्यांसाठी

उसाचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूरच्या आसपास कुठल्याही गुऱ्हाळावर थोडा वेळ थांबा. एकीकडं घाणा फिरत असतो. या बाजूनं ऊस आत, त्या बाजूनं चिपाड बाहेर, खाली रसाची धार. कुठल्याही क्षणी घाण्यात ऊस असतो तो दोन-चार कांड्यांचा, पण दिवस मावळेपर्यंत त्यातून ढीगच्या ढीग गेलेला असतो. दुसरीकडं चुलवाणावर काहील. तिच्यात सगळा रस एकदम, आणि गुळव्या शेजारी खिळून उभा. पाक कधी झाला ते त्याच्या नजरेनं ठरायचं. नजर चुकली तर अख्खी काहील गेली.

हायड्रोजनेशन म्हणजे एखाद्या रेणूवर हायड्रोजन चढवणं. कॉलेजात आपण जे हायड्रोजनेशन शिकतो ते काहिलीचं. फ्लास्क किंवा ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाब सोसणारं बंद भांडं, घ्यायचा, त्यात द्रावण, त्यात पॅलेडियम ऑन कार्बनची काळी पूड, वर हायड्रोजन, आणि मग ढवळत बसायचं. फ्लो हायड्रोजनेशन हा घाणा आहे. कॅटॅलिस्ट, म्हणजे अभिक्रिया घडवून आणणारा उत्प्रेरक, एका पोलादी नळीत, कॉलममध्ये, कायमचा भरलेला, आणि द्रावण व हायड्रोजन एकत्र होऊन त्यातून वाहत जातात. आत कच्चा माल, बाहेर तयार माल.

एम.एस्सी. करून नवीन मुलं-मुली आमच्या एमआयडीसीतल्या छोट्या प्रयोगशाळेत रुजू झाली की पहिला आठवडा मी त्यांना हेच शिकवतो. हुशारीची अडचण नसते. अडचण असते ती फ्लास्कच्या सवयीची. फ्लास्कमध्ये आपण विचारतो, "किती वेळ झाला?" नळीत हा प्रश्नच चुकीचा. तिथं वेळ म्हणजे जागा. कॉलमच्या तोंडाशी सुरुवात आणि शेवटाशी शेवट, दोन्ही एकाच वेळी चालू असतात. हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

हे तंत्र नवीन आहे असंही समजू नका. निकेलच्या मदतीनं सेंद्रिय संयुगांवर हायड्रोजन चढवण्याच्या कामासाठी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिए यांना १९१२ साली ग्रिन्यार यांच्यासोबत नोबेल मिळालं, आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊला अमोनियाचा जो पहिला मोठा कारखाना सुरू झाला, तो लोखंडाच्या कॅटॅलिस्टवरून हायड्रोजन-नायट्रोजन सतत वाहवूनच चालत होता. नवीन आहे ते एवढंच की तीच गोष्ट आता टेबलावर मावते. बुडापेस्टच्या थेल्सनॅनो कंपनीनं पाण्याच्या इलेक्ट्रोलिसिसमधून हायड्रोजन बनवणारं आणि कॅटॅलिस्टची काडतुसं बसवायची सोय असलेलं यंत्र बाजारात आणलं, आणि औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांत हे काम रोजचं झालं. तयार यंत्र महाग असतं. पण जुना एचपीएलसी पंप (दाबाखाली द्रव नेमक्या वेगानं ढकलणारा) आणि काही फिटिंग असतील तर शिकण्याजोगी मांडणी घरच्या घरी उभी राहते. इथं "घरच्या घरी" म्हणजे प्रयोगशाळेतल्या फ्यूम हूडमध्ये. आणि पहिली वेळ एकट्यानं कधीच नाही.

आधी हायड्रोजनशी ओळख

हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन असेल तर तो पेटू शकतो. पेटायला लागणारी ठिणगी अगदी क्षुल्लक: सुमारे ०.०२ मिलीज्यूल. टेरिलिनचा शर्ट काढताना जो चटचट आवाज येतो, त्यातली ऊर्जासुद्धा याहून जास्त असू शकते. हायड्रोजनची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. तो हलका आहे, म्हणून गळला की छताखाली जाऊन बसतो. एलपीजीसारखा जमिनीलगत रेंगाळत नाही, तेव्हा डिटेक्टर वर लावायचा.

मग फ्लोमध्ये सुरक्षित काय? प्रमाण. एक लिटरच्या ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखाली काही लिटर हायड्रोजन कोंडलेला असतो. आपल्या कॉलममध्ये असतो काही मिलीलिटर. दुसरं, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं: गाळणी करावी लागत नाही. हायड्रोजनेशनच्या बऱ्याच आगी हायड्रोजननं लागत नाहीत. त्या लागतात हायड्रोजन पिऊन बसलेलं पॅलेडियम फिल्टर पेपरवर कोरडं पडून, मेथॅनॉलची वाफ आणि हवा एकत्र आल्यावर. फ्लोमध्ये ती पूड नळीतून बाहेर येतच नाही.

सिलिंडर वापरणार असाल तर तो लाल रंगाचा, खोलीबाहेर, भिंतीला साखळीनं बांधलेला. त्याच्या व्हॉल्व्हचे आटे डावे असतात. त्यामुळं नायट्रोजनचा रेग्युलेटर त्यावर बसणार नाही, आणि जोर लावून बसवायचाही नाही. जीसीसाठी, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफसाठी, घेतलेलं हायड्रोजन जनरेटर असेल तर साठा जवळजवळ शून्य, ही फार मोठी सोय. पण त्याचा दाब सहसा ७ बारच्या आसपास थांबतो, आणि त्यात डी-आयोनाइज्ड पाणीच लागतं. नळाचं पाणी घातलंत तर एक दिवस काम होईल आणि पुढं दुरुस्तीवाला येईल.

मांडणी

द्रवाच्या वाटेनं जाऊ. बाटलीतून द्रावण एचपीएलसी पंपात. पंपानंतर २ मायक्रॉनचा फिल्टर आणि एक चेक व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप. दुसऱ्या बाजूनं हायड्रोजन: रेग्युलेटर, ज्योत मागं जाऊ न देणारा फ्लॅश अरेस्टर, वायूचा प्रवाह मोजून सोडणारा मास फ्लो कंट्रोलर म्हणजे आपला एमएफसी, आणि पुन्हा चेक व्हॉल्व्ह. दोन्ही वाटा एका टी-जोडात मिळतात. टी नंतर प्रेशर गेज, मग कॉलम, मग दुसरा गेज, मग आतला दाब टिकवून धरणारा बॅक प्रेशर रेग्युलेटर, म्हणजे बीपीआर. शेवटी वायू-द्रव वेगळे करणारी बाटली, आणि तिच्यातून उरलेला हायड्रोजन हूडच्या वर किंवा बाहेर नेणारी नळी.

हायड्रोजनच्या वाटेवरचा चेक व्हॉल्व्ह कुणी विसरलं तर द्रावण उलटं एमएफसीत घुसतं, आणि एमएफसीची किंमत ऐकल्यावर घुसवणाऱ्याला घाम फुटतो. दोन गेज हवेतच. एका गेजवर दाब कळतो, दोन गेजमधला फरक पाहिला तर कॉलमची तब्येत कळते. सुटी माहिती म्हणून: कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळं इथली हवा ०.९५ बारच्या आसपास दाबते. गेजवर १० दिसलं तर खरा दाब ११ च्या जरा खाली. आपल्या कामात यानं फरक पडत नाही, पण हिशेब लिहिताना गेजचा दाब की खरा दाब ते लिहा.

सगळं एसएस ३१६ या स्टेनलेस स्टीलमध्ये. कॉम्प्रेशन फिटिंगवर टेफ्लॉन टेप गुंडाळायची नाही. आमच्याकडं प्लंबिंगच्या सवयीनं प्रत्येक नवा माणूस ती गुंडाळतो. फेरूलचं, म्हणजे आतल्या धातूच्या कडीचं, सीलिंग धातूवर धातू दाबून होतं, आट्यांवर होत नाही. वर टेपचे तुकडे सुटून फ्रिटमध्ये, म्हणजे कॉलमच्या टोकाच्या सच्छिद्र चकतीत, अडकतात ते वेगळंच.

आणि एक गोष्ट, जी परदेशी मॅन्युअलमध्ये ठळकपणे दिसत नाही: लाइट गेली तर काय? पावसाळ्यात इथं वीज जाते. पंप थांबतो. सिलिंडरला मात्र विजेशी देणंघेणं नाही. मांडणीत काही सोय नसेल तर हायड्रोजन येत राहतो, द्रावण पुढं ढकलून देतो आणि कॉलम कोरडा करतो. म्हणून हायड्रोजनच्या वाटेवर वीज गेली की आपोआप बंद होणारा, विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह टाकायचा, आणि वीज परत आल्यावर तो आपोआप उघडता कामा नये. यूपीएसवर पैसे घालण्याआधी हा व्हॉल्व्ह घ्या.

पहिली अभिक्रिया: कागदावर

पहिल्यांदा माझी निवड ठरलेली: इथाइल ४-नायट्रोबेंझोएट. त्यातल्या नायट्रो (NO₂) गटाचा अमाइन (NH₂) झाला की बेंझोकेन मिळतं, तोंड आल्यावर किंवा दात दुखल्यावर लावायच्या जेलमध्ये असतं ते. दोन्ही घन पदार्थ, दोन्ही यूव्हीखाली दिसतात, आणि वितळणबिंदू लांब लांब: कच्चा माल ५७ अंशांच्या आसपास, बेंझोकेन ८९ च्या आसपास. काम झालं की नाही हे साध्या मेल्टिंग पॉइंटच्या यंत्रावर कळतं.

आता पेन्सिल घ्या. इथं घाई करणारा पुढं दोन दिवस घालवतो.

द्रावण ०.०५ मोलर, इथेनॉलमध्ये. रेणुभार १९५.२, म्हणजे १०० मिलीत ०.९८ ग्रॅम. प्रवाह मिनिटाला १ मिली. म्हणजे मिनिटाला ०.०५ मिलीमोल नायट्रो कॉलममध्ये शिरतो. एका नायट्रोला ३ रेणू हायड्रोजन लागतो, म्हणून ०.१५ मिलीमोल. मिलीमोलला २२.४ मिली धरले तर मिनिटाला ३.४ मिली हायड्रोजन. दुप्पट देऊ, ७ मिली. एमएफसीवर हा आकडा लावायचा.

"दाब दिला की हायड्रोजन विरघळतोच ना, मग वायू वेगळा कशाला वाहवायचा?" हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि चांगला आहे. इथेनॉलमध्ये एका बारला लिटरमागं साधारण ३.५ मिलीमोल हायड्रोजन विरघळतो. १० बारला ३५. आपल्याला लिटरमागं १५० लागतो. म्हणजे विरघळलेला हायड्रोजन पाव भागालाही पुरत नाही. बाकीचा बुडबुड्यांतून वाटेत विरघळत राहिला पाहिजे. नळीत द्रव आणि वायू आगगाडीच्या डब्यांसारखे एकाआड एक पळतात, ते याचसाठी.

पुढचा हिशेब उष्णतेचा. नायट्रोचा अमाइन होताना मोलमागं सुमारे ५५० किलोज्यूल बाहेर पडतात. साध्या दुहेरी बंधाला १२० च्या आसपास, म्हणजे नायट्रो चौपटीहून जास्त तापट. ०.०५ मोलर द्रावणात ही सगळी उष्णता द्रावणातच राहिली असं धरलं तर तापमान १४ अंशांनी वाढतं. ठीक. आता कुणी "एवढं पातळ कशाला" म्हणून ०.५ मोलर घेतलं तर तीच वाढ १४० अंशांवर जाते. नळी बारीक असल्यानं बरीच उष्णता भिंतीतून निघून जाते हे खरं, पण पहिल्या दिवशी त्या भरवशावर राहायचं नाही.

कॉलम: आतला व्यास ४.६ मिमी, लांबी १०० मिमी. आकारमान १.६६ मिली. भरल्यावर पोकळ जागा अर्ध्याच्या आसपास, म्हणजे ०.८ मिली. १० बारखाली आपला ७ मिली हायड्रोजन आकसून पाऊण मिली होतो. द्रव १ आणि वायू पाऊण मिळून मिनिटाला पावणेदोन मिली. ०.८ भागिले १.७५: द्रावण कॉलममध्ये जेमतेम २७ सेकंद राहतं. फ्लास्कमध्ये जे काम तासाभराचं, ते इथं अर्ध्या मिनिटात कसं होतं? कारण त्या अर्ध्या मिनिटात द्रावणाचा प्रत्येक थेंब कॅटॅलिस्टच्या गर्दीतून जातो. फ्लास्कमध्ये चिमूटभर पूड सगळ्या द्रावणाला पुरवायची असते.

कॉलम भरणं

फ्लास्कसाठी पूड, कॉलमसाठी दाणे. पॅलेडियम ऑन कार्बनची नेहमीची पूड मैद्यासारखी बारीक असते. ती नळीत ठासली की दाब चढतो, पंप बोंबलतो आणि काम थांबतं. पहिल्यांदा अ‍ॅल्युमिनावरचं ५ टक्के पॅलेडियम, १०० ते ३०० मायक्रॉनच्या दाण्यांत मिळालं तर घ्या. पूडच हाताशी असेल तर ५० टक्के पाणी असलेली ओली पूड घ्या आणि तिच्या कित्येक पट धुतलेली, वाळवलेली, एकसारख्या दाण्यांची वाळू किंवा काचेचे मणी मिसळा. सेलाइट नको, तेही बारीकच.

खालचा फ्रिट बसवा, कॉलम उभा धरा, थोडंथोडं भरा, बाहेरून पेन्सिलीनं हलके ठोके द्या. दाबून ठासायचं नाही. भजी तळायला बटाटा जसा एकसारखा कापायचा, तसंच हे: एकसारखं असलं की झालं, घट्ट असण्याची गरज नाही. वरच्या बाजूला पोकळी राहिली तर बेड, म्हणजे भरलेला थर, हलतो आणि त्यातून वाटा पडतात. तेवढी जागा वाळूनं भरून टाका. वरचा फ्रिट लावा. प्रवाह वरून खाली.

आता फक्त इथेनॉल, मिनिटाला १ मिली, बीपीआर मोकळा. दोन गेजमधला फरक २-३ बारच्या आत असेल तर कॉलम पास. जास्त असेल तर खोला आणि पुन्हा भरा. "बघू, चालेल" म्हणून पुढं गेलेला एकही कॉलम संध्याकाळपर्यंत चाललेला मी पाहिलेला नाही. मात्र हायड्रोजन एकदाही न गेलेलाच कॉलम असा खोलायचा. हायड्रोजन गेल्यानंतर खोलायची रीत वेगळी आहे, ती खाली येईल.

चालू करणं

आधी नायट्रोजन. बीपीआर आवळून सगळी मांडणी १५ बारला न्या, दोन्ही टोकं बंद करा, १५ मिनिटं थांबा. गेज हलता कामा नये. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावा. मग १० बारवर या, इथेनॉल सुरू करा, पंपाची वरची मर्यादा २५ बारला बांधा, म्हणजे तुंबलं तर पंप स्वतःच थांबेल. कॉलम ४० अंशांवर.

आता नायट्रोजनच्या जागी हायड्रोजन. रेग्युलेटरवर १५ ते २० बार ठेवा. कॉलमपेक्षा मागचा दाब जास्त नसेल तर एमएफसी आकडा दाखवेल पण वायू जाणार नाही. नुसतं इथेनॉल आणि हायड्रोजन अर्धा तास चालू द्या. पॅलेडियमवरचा ऑक्साइड या वेळात निघून जातो आणि पृष्ठभाग जागा होतो. या अर्ध्या तासात कॉलमला लावलेला थर्मोकपल, म्हणजे तापमान दाखवणारी तार, बघत राहा. किंचित वर जाऊन परत खाली आला तर सगळं ठीक आहे.

मग पंपाची नळी इथेनॉलच्या बाटलीतून द्रावणाच्या बाटलीत. नळी हलवताना पंप थांबवा, नाहीतर हवेचा बुडबुडा आत जातो आणि पंपाची पकड सुटते.

आणि आता सगळ्यात अवघड पायरी: काहीही करू नका.

बीपीआरमधून द्रावण धारेनं येत नाही, फुरफुरत येतं: थोडा वायू, थोडं द्रव, पुन्हा वायू. नव्या माणसाला वाटतं काहीतरी बिघडलंय, आणि तो एक नॉब फिरवतो. फिरवला की आधीची मिनिटं वाया. एकच टीएलसी (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी) प्लेट घ्या, दर मिनिटाला एक ठिपका ठेवा, यूव्हीखाली बघा. पहिले काही ठिपके दिसणार नाहीत, कारण ते नुसतं इथेनॉल. मग एक ठिपका उजळेल, पुढचा त्याहून जास्त, आणि मग सगळे सारखे. पहिला ठिपका ज्या मिनिटाला दिसला, तो तुमच्या मांडणीचा खरा आकडा. कागदावरच्या २७ सेकंदांत टी, नळ्या, बीपीआर यांचा वेळ धरलेला नव्हता. त्या आकड्याच्या तिप्पट वेळ जाऊ द्या आणि मगच "हा माझा नमुना" म्हणून बाटली लावा. आधीचं वेगळ्या बाटलीत.

गोळा करायची बाटली कधीही घट्ट बंद नको. तिच्यात द्रावणासोबत उरलेला हायड्रोजनही येतोय.

३:७ इथाइल अ‍ॅसिटेट-हेक्सेनमध्ये प्लेट चालवली की नायट्रो वर आणि अमाइन खाली दिसतं. वरचा ठिपका गेला असेल तर इथेनॉल उडवा. गाळायचं काहीच नाही. १०० मिलीतून हिशेबानं ०.८३ ग्रॅम बेंझोकेन यायला हवं.

नाही झालं तर

द्रावण पिवळं-केशरी आलं? नायट्रो सरळ अमाइन होत नाही. वाटेत नायट्रोसो आणि हायड्रॉक्सिलअमाइन होतात. फ्रिट्झ हाबर यांनी १८९८ मध्ये हा क्रम मांडला होता. हायड्रोजन कमी पडला की ही मधली मंडळी एकमेकांना चिकटून अ‍ॅझॉक्सी आणि अ‍ॅझो संयुगं बनवतात, आणि ती रंगीत असतात. म्हणजे रंग दिसला तर पहिला संशय हायड्रोजनवर: एमएफसी खरंच ७ मिली सोडतोय का? पंपाकडं नंतर बघा.

रंग नाही पण कच्चा माल शिल्लक आहे, तर आधी प्रवाह निम्मा करा. हायड्रोजनही त्याच प्रमाणात. मग तापमान वाढवा, दाब सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा तिप्पट वेळ वाट. प्रवाह निम्मा करूनही काहीच सुधारलं नाही तर कॉलममध्ये वाट पडली आहे. द्रावण कॅटॅलिस्टला न भेटता भिंतीच्या कडेनं पळतंय. तो कॉलम पुन्हा भरावा लागतो, दुसरा इलाज नाही.

दाबाचा फरक हळूहळू वाढत असेल तर कुठंतरी घन पदार्थ बसतोय. मला हे एका डिसेंबरात कळलं. आदल्या संध्याकाळी गरम करून दाट द्रावण बनवलं, सकाळी सात वाजता गारठ्यात पंप सुरू केला, दहा मिनिटांत २५ बार. चूक सर्वस्वी माझी होती. दुपारी ऊन आल्यावर तेच द्रावण बाटलीत स्वच्छ दिसत होतं, म्हणून मी अर्धा दिवस बिचाऱ्या पंपाला नावं ठेवत बसलो. तेव्हापासून नियम: द्रावण रात्रभर ठेवा, सकाळी तळाशी स्फटिक दिसले तर पातळ करा. कच्चा माल विरघळतो म्हणजे उत्पादनही विरघळेलच, असंही धरून चालू नका.

पहिले दोन तास उत्तम आणि मग उतार लागला, तर दोन शक्यता. नुसत्या इथेनॉलनं तासभर धुऊन, मग परत सुरू करून पूर्वीसारखं झालं तर काहीतरी पृष्ठभागावर चिकटलं होतं. नाही झालं तर विष. पॅलेडियम आणि निकेलला गंधकाचं वावडं आहे, अगदी थोड्याचंसुद्धा. आमच्या भागात हे विसरून चालत नाही. मध्यंतरी एका उत्साही मुलानं सॉर्बिटॉल बनवायचं ठरवलं. कल्पना चुकीची नव्हती, साखरेतलं ग्लुकोज निकेलवर हायड्रोजन देऊन सॉर्बिटॉल होतंच. पण त्यानं घेतला बाजारातला पिवळाधमक गूळ. गूळ उजळ दिसावा म्हणून त्यात हायड्रोस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, घालणारे असतात. गंधकच ते. निकेलनं जेमतेम अर्धा तास काम केलं. आता तो गूळ घेताना काळपट बघून घेतो.

द्रावकाबद्दल थोडक्यात. इथेनॉल, मेथॅनॉल, इथाइल अ‍ॅसिटेट चालतात. डीएमएसओ नको, त्यात गंधक आहे. क्लोरोफॉर्म, डायक्लोरोमिथेन नको. डिनेचर्ड स्पिरिट नको, त्यात काय मिसळलंय यावर आपला ताबा नसतो. आणि भांडी अ‍ॅसिटोननं धुतली असतील तर पूर्ण वाळवा: राहिलेलं अ‍ॅसिटोन अमाइनशी जुळतं, त्यावर हायड्रोजन चढतो आणि नायट्रोजनवर आयसोप्रोपाइल गट येऊन बसतो. टीएलसीवर एक अनोळखी ठिपका दिसतो आणि तुम्ही आठवडाभर कॅटॅलिस्ट बदलत राहता.

नायट्रोच्या पुढं

बेंझोकेन तीन वेळा सारखं आलं की मग हात मोकळा. रेणूचा एखादा भाग तात्पुरता झाकायला लावलेले बेंझाइल आणि सीबीझेड गट काढणं फ्लोमध्ये छान जमतं. मात्र सीबीझेडमधून कार्बन डायऑक्साइड सुटतो, तेव्हा बाहेर वायू जास्त येईल, दचकू नका. रिंगवर क्लोरीन असलेला नायट्रो असेल तर पॅलेडियम क्लोरीनही उडवून लावतं. तिथं प्लॅटिनम बरं. इथं फ्लोचा एक फायदा कळतो: नको ते व्हायच्या आत द्रावण कॉलमबाहेर काढता येतं. प्रवाह वाढवला की झालं.

मला स्वतःला सर्वात आवडणारं उदाहरण फर्फ्युरलचं. उसाच्या चिपाडातल्या पेंटोसनवर आम्लाची क्रिया केली की फर्फ्युरल मिळतं. त्यावर एक रेणू हायड्रोजन चढवला की फर्फ्युरिल अल्कोहोल. आणि त्यापासून होतं फ्युरान रेझिन, फाउंड्रीत साच्याची वाळू बांधायला वापरतात ते. एका बाजूला साखर कारखाने, दुसऱ्या बाजूला शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, आणि मधे ही एक अभिक्रिया. तिच्यात गंमत अशी की पॅलेडियम किंवा निकेल घेतलंत तर ते अल्डिहाइडवर थांबत नाही, फ्युरानची रिंगही भरून टाकतं. उद्योगात त्यासाठी तांब्याचा कॅटॅलिस्ट, कॉपर क्रोमाइट, वर्षानुवर्षं वापरात आहे. क्रोमियम नको म्हणून त्याला पर्याय शोधणं हा आजही एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला पुरेल असा विषय आहे.

बंद करणं

द्रावण संपलं की लगेच इथेनॉल, हायड्रोजन अजून चालू, १५ मिनिटं. मग हायड्रोजन बंद, नायट्रोजन चालू, इथेनॉल चालूच, आणखी १५ मिनिटं. मग तापमान खाली, मग बीपीआर हळूहळू सैल. दाब एकदम सोडला तर बेड उसळतो. कॉलम काढून दोन्ही टोकांना टोपणं लावा, आत इथेनॉल असू द्या. कोरडा कॉलम ठेवायचा नाही. त्यावर चिठ्ठी: कुठला कॅटॅलिस्ट, किती मिलीग्रॅम, कुठली अभिक्रिया, किती तास. नायट्रोसाठी वापरलेला कॉलम दुसऱ्यानं नकळत बेंझाइल काढायला घेतला की भांडणं होतात.

कॉलम रिकामा करायची वेळ आली तर आधी नायट्रोजन, मग पाणी वाहवून इथेनॉल पूर्ण घालवा, आणि ओला लगदा थेट पाण्यात पाडा. टिश्यू पेपरनं पुसून कचऱ्याच्या डब्यात टाकायचं नाही. वाळल्यावर तो डबा पेटू शकतो.

तो लगदा फेकायचाही नाही. कोल्हापूरच्या गुजरीत सराफांच्या दुकानातली झाडलेली धूळ झारेकरी पैसे मोजून विकत घेतात आणि त्यातून सोनं काढतात. पॅलेडियमचंही तसंच आहे. रुंद तोंडाची प्लास्टिकची बाटली, पाण्याखाली लगदा, झाकण सैल, वर पॅलेडियम किती टक्के आणि अंदाजे वजन किती ते लिहिलेलं. बाटली भरली की धातू परत काढणाऱ्याकडं पाठवायची.